पडीक ठेवलेला आवाज

गणपती महिन्यावर आले की आमच्या धंद्यात फोनला उसंत नसते. मी की-बोर्ड वाजवतो, गाण्यांचं संयोजन करतो, आणि गेली वीस-बावीस वर्षं वाद्यवृंदांना साथीदार आणि गायक जमवून देतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या मंडळाच्या अध्यक्षांना टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिल्या पाचांत आलेली एक मुलगी हवी होती. मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची. स्पर्धेत जायच्या आधी दोन वर्षं ती माझ्याच स्टुडिओत माइकसमोर उभं राहायला शिकली होती. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मंडळाने कबूल केलेली बिदागी त्यांच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. मी आनंदाने फोन केला. ती म्हणाली, "दादा, मला खूप गायचंय. पण एनओसी लागेल."

एनओसी म्हणजे जिच्याशी करार झालाय त्या कंपनीचं ना-हरकत पत्र. मेल केला. विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे, असं उत्तर आलं. आठ दिवसांनी पुन्हा मेल केला, मग फोन. फोनवरच्या बाई अतिशय नम्र होत्या. टीम प्रवासात आहे म्हणाल्या. गणपती बसले, अनंत चतुर्दशी झाली. नवरात्रासाठी दुसऱ्या गावाहून विचारणा आली, तीही तशीच गेली. मग दिवाळी पहाटेचे दोन कार्यक्रम. मराठी गायकाचा हंगाम म्हणजे भाद्रपद ते कार्तिक. वर्षाची निम्मी कमाई या अडीच महिन्यांत होते. लोक तिला रस्त्यात नावाने हाक मारत होते असं ते एकच वर्ष, आणि नेमका त्याच वर्षीचा हंगाम कोरडा गेला. तिला कोणीही नाही म्हटलं नव्हतं. फक्त हो म्हटलं नाही.

या स्पर्धांवर आपण पुष्कळ भांडतो. परीक्षक खोटं रडतात का, गरिबीची कहाणी किती ताणली, एसेमेसच्या मतांत किती खरं. कराराबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि बोललंच तर कमिशनच्या टक्क्यांपाशी थांबतं. टक्के मला तेवढे सलत नाहीत. कमाईतला तिसरा हिस्सा कोणी नेला तर दोन हिस्से तरी उरतात. मला सलतो तो कंपनीचा वेगळाच हक्क: आवाज स्वतः वापरायचा नाही आणि दुसऱ्या कोणाला वापरू द्यायचा नाही. जमीन पडीक ठेवावी तसा आवाज पडीक ठेवण्याचा हक्क.

तो करार मी वाचलाय. पुढच्या फेरीत निवड झाली त्या रात्री तिच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. सव्वीस पानं, सगळी इंग्रजीत. सकाळी दहाला सही करून द्यायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. रात्री साडेअकरापासून आम्ही फोनवर एकेक कलम लावत बसलो. तिचं गाणं, आवाज, नाव, चेहरा यांचे हक्क "संपूर्ण विश्वात, कायमचे, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोध लागेल अशा प्रत्येक माध्यमात" कंपनीचे. वडिलांनी विचारलं, "विश्वात म्हणजे? भारतात ना?" मी सांगितलं, नाही, विश्वातच लिहिलंय. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, पुढचं वाचा."

पुढे होतं ते असं. स्पर्धा संपल्यापासून तीन वर्षं तिचं सगळं व्यवस्थापन कंपनीकडे. मुदत आणखी दोन वर्षं वाढवायची का, हे ठरवणार फक्त कंपनी. ध्वनिमुद्रण करायचं ते कंपनी सांगेल त्याच लेबलसाठी, म्हणजे गाणी बाजारात आणणाऱ्या संगीत कंपनीसाठी. बाहेरचा प्रत्येक कार्यक्रम, जाहिरात, मालिकेचं शीर्षकगीत, अगदी यूट्यूबवर टाकलेलं जुन्या गाण्याचं कव्हर, सगळ्याला आधी लेखी परवानगी. आणि कंपनीने काय करायचं? किती गाणी काढायची, वर्षाला किती कार्यक्रम मिळवून द्यायचे, काहीच नाही झालं तर निदान किती पैसे द्यायचे? सव्वीस पानांत याचा एकही आकडा नव्हता. कंपनीच्या कामाचा उल्लेख येई तिथे तिथे एकच शब्दप्रयोग: "कंपनीला योग्य वाटल्यास". मी तो पेन्सिलीने मोजला होता. अकरा वेळा.

सही झाली. मीही कराच म्हटलं. एकोणीस वर्षांच्या पोरीला सकाळी दहाच्या आत दुसरं काय सांगणार?

कंपन्या दुष्ट असतात म्हणून हे घडतं असं मी मानत नाही. त्यामागचा हिशेब अगदी सरळ आहे. शेवटच्या दहा-बारा गायकांपैकी पुढे कोण चालेल हे कोणालाच सांगता येत नाही. परीक्षकांना नाही, मतदारांना नाही, लेबललाही नाही. म्हणून सगळ्यांनाच बांधून ठेवायचं. बांधून ठेवायला खर्च शून्य, कारण करारात कंपनीवर कसलीच जबाबदारी नाही. सोडण्यात मात्र धोका आहे. सोडलेला गायक उद्या दुसऱ्या लेबलकडे जाऊन गाजला तर वरिष्ठांपुढे उत्तर द्यावं लागतं. धरून ठेवलेला गायक घरी बसून विसरला गेला तर कोणी काही विचारत नाही. अशा व्यवस्थेत एनओसीच्या मेलला उत्तर न देणं हेच कर्मचाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचं ठरतं. शिवाय वाहिनीची खरी मालमत्ता म्हणजे कार्यक्रमाचं नाव. वर्षभरात पुढचा सीझन येतो, नवे चेहरे येतात, आणि गेल्या वर्षीचा विजेता पाहुणा म्हणून एका भागापुरता बोलावला जातो.

हा साचा आपल्याकडे आला तो बाहेरून, आणि येतानाच घट्ट बांधलेला आला. ब्रिटनमध्ये २००१ साली निर्माता सायमन फुलरने 'पॉप आयडॉल' ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा सुरू केली. त्याची भागीदार फ्रीमँटल ही निर्मिती कंपनी जर्मनीच्या बर्टेल्समान समूहातली. त्याच समूहाची बीएमजी ही संगीत कंपनी २००४मध्ये सोनी म्युझिकशी एकत्र येऊन सोनी बीएमजी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोनी वाहिनीवर 'इंडियन आयडॉल' सुरू झालं. कार्यक्रमाचा साचा, दाखवणारी वाहिनी आणि पुढे अल्बम काढणारं लेबल, सगळी नात्यातलीच मंडळी. गायकाच्या बाजूने बोलणारं त्या बैठकीत कोणी नव्हतं.

५ मार्च २००५ला अभिजीत सावंत जिंकला ती रात्र मला चांगली आठवते. मुंबईचा मराठी मुलगा, साधा, गोड गळ्याचा. आमच्या गल्लीत फटाके वाजले. त्याच वर्षी त्याचा अल्बम आला आणि 'मोहब्बतें लुटाऊंगा' रिक्षा-रिक्षांत वाजलं. २००७ला दुसरा अल्बम आला, पण तोवर कॅसेट-सीडीचा बाजारच बसायला लागला होता, आणि टीव्हीला नवा विजेताही मिळाला होता. नंतर अनेक वर्षांनी, २०२४मध्ये, तो पुन्हा घराघरांत दिसला तो 'बिग बॉस मराठी'चा उपविजेता म्हणून. त्याच पहिल्या सीझनमधला राहुल वैद्य, मूळचा नागपूरचा, २०२१ला हिंदी 'बिग बॉस'चा उपविजेता झाला. दोघांनीही ते धीराने निभावलं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण इतक्या सुरेल गळ्यांना लोकांपुढे परत यायला कॅमेऱ्यांनी भरलेल्या बंद घरात जाऊन राहावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्पर्धेने त्यांना प्रसिद्धी भरपूर दिली. तिच्यावर उभी राहील अशी गाण्याची कारकीर्द मात्र या यंत्रणेने उभी केली नाही.

ब्रिटनमध्येही हेच झालं, फक्त तिथे ते जास्त उघडपणे दिसलं. 'द एक्स फॅक्टर' या तिथल्या स्पर्धेचा कर्ताधर्ता होता सायमन कॉवेल, आणि विजेत्याचं गाणं काढणारं सायको हे लेबलही त्याचंच होतं, सोनीच्या जोडीने. अंतिम फेरी डिसेंबरात व्हायची, गाणं नाताळच्या सुमारास यायचं. २००४चा पहिला विजेता स्टीव्ह ब्रुकस्टीन याचा अल्बम २००५मध्ये खपाच्या यादीत पहिला आला आणि त्याच वर्षी लेबलने त्याला सोडलं. पहिल्या क्रमांकावरचा अल्बमही पुरला नाही, कारण पुढचा सीझन दारात उभा होता. उलट २०१०मध्ये तिसऱ्या आलेल्या वन डायरेक्शन या पोरांच्या गटावर लेबलने जीव लावला आणि त्यांनी जग जिंकलं. मतं कोणाला पडली याला लेबलच्या लेखी फारशी किंमत नसते. तेव्हा निदान ज्यांच्यात आपल्याला रस नाही त्यांना लवकर मोकळं तरी करावं. या एका बाबतीत मला ब्रुकस्टीन सुदैवी वाटतो. त्याला सोडलं तरी!

न सोडलेल्यांचं काय होतं? अरिजित सिंग २००५च्या 'फेम गुरुकुल' या स्पर्धेत अंतिम फेरीआधीच बाहेर पडला. त्यानंतर एका संगीत कंपनीने अल्बमसाठी त्याच्याशी करार केला. तो अल्बम कधी आलाच नाही. पुढची कित्येक वर्षं तो संगीतकारांच्या हाताखाली स्टुडिओत प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकावर गाण्यातल्या वाद्यांची जुळणी, करत होता. आमच्या धंद्यातलं हे खरं शिक्षण. 'तुम ही हो' आलं २०१३मध्ये. मधली आठ वर्षं त्याच्या चिकाटीने भरून काढली. ज्याच्यात तेवढी चिकाटी नाही, किंवा ज्याच्या घरात आठ वर्षं थांबण्याइतकं अन्न नाही, तो काय करणार? श्रेया घोषालचं भाग्य वेगळं. ती 'सा रे ग म'मध्ये गायली तेव्हा स्पर्धेवरून थेट अल्बमच्या करारात जायची ही पद्धत रुळलेली नव्हती. संजय लीला भन्साळींच्या आईने तिला टीव्हीवर ऐकलं आणि 'देवदास'चा दरवाजा उघडला. त्या दरवाजावर तीन वर्षांचं एनओसीचं कुलूप असतं तर? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

वाहिनीवाल्या मित्रांचं म्हणणं मी अनेकदा ऐकलंय, आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, या मुलांना ओळखत कोण होतं? आम्ही मोक्याच्या वेळेला महिनोन् महिने दाखवलं, कपडे दिले, आवाजाला शिक्षक दिला, उत्तम वादक दिले. तो पैसा वसूल कसा करायचा? माझं उत्तर असं की जरूर करा. जाहिरातींतून आणि मतांच्या एसेमेसमधून तो बहुतेक वसूल झालेला असतो, तरीही करा. तुम्ही मिळवून दिलेल्या कार्यक्रमात वाटा घ्या, इतर ठिकाणच्या कमाईतही वर्षभर थोडा वाटा घ्या, मी हरकत घेणार नाही. पण वाटा घ्यायला आधी कमाई व्हावी लागते. आवाज बंद ठेवून कोणाचाच पैसा वसूल होत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या कोरड्या हंगामात कंपनीलाही एक रुपया मिळाला नाही.

आपल्याकडे हे जास्त बोचतं याला आणखी कारण आहे. आपला गायक रेकॉर्डवर जगत नाही, स्टेजवर जगतो. सिनेगीत गायल्याचे एकदाच पैसे मिळतात, नव्या गायकाला कित्येकदा तेही मिळत नाहीत. "गाणं तुझ्या नावावर राहील ना" एवढ्यावर भागवतात. गायकाला रॉयल्टी हवी म्हणून लतादीदी साठच्या दशकात भांडल्या, रफीसाहेबांशी काही वर्षं अबोला झाला. कायद्याने गायकाचा हा हक्क मानायला २०१२ची कॉपीराइट दुरुस्ती उजाडावी लागली. ही रॉयल्टी वसूल करायला गायकांची 'इस्रा' ही संस्था २०१३मध्ये निघाली. हे सगळं चांगलंच आहे, पण कोवळ्या गायकाचं घर आजही चालतं ते मंडळांच्या, लग्नाच्या संगीताच्या, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या सुपाऱ्यांवर. स्टेज बांधलं की पोट बांधलं.

मराठी 'सारेगमप लिटल चॅम्प्स'च्या २००८-०९च्या पर्वातल्या पाचांकडे पाहा. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत. पाचही जण आजही गातात आणि २०२१मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. माझ्या मते त्यांना टिकवलं ते घरच्या रियाजाने, गुरूंनी, आणि गावोगावच्या नाट्यगृहांतल्या तिकीट काढून आलेल्या लोकांनी. वैशाली माडे मराठी आणि हिंदी, दोन्ही 'सारेगमप' जिंकली आणि २०१५ला श्रेयाबरोबर 'पिंगा' गायली. गायक सतत लोकांसमोर राहिला तर आपला श्रोता त्याला विसरत नाही, हे मी साथीला बसून पाहिलंय.

मग करायचं काय? मार्ग आपल्या कायद्यात अर्धा आधीच आहे. कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमात तरतूद आहे की लिहून घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते आपोआप संपतात. २०१२नंतर कलाकाराच्या हक्कांनाही हे कलम लागू झालं. आज अस्तित्वात नसलेल्या माध्यमांचे हक्क मोघम लिहून घेतले तर ते लागू होत नाहीत, असंही १८व्या कलमात आलं. अडचण एवढीच की वर्षाच्या तरतुदीपुढे "करारात वेगळं लिहिलं नसल्यास" असे शब्द आहेत, आणि करार लिहिणारा वकील ते वेगळं हमखास लिहितो. शिवाय हे झालं ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचं. गायकाने स्टेजवर कुठे गायचं याला ते पोचत नाही.

मुदत संपल्यानंतरचं बंधन न्यायालय मानत नाही, हे आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानमुळे स्पष्ट झालं. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीचा करार संपला, तरी पुढचा कोणताही करार आधी आम्हाला दाखवायचा असं एक कलम त्यात होतं. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अडवलं. करार कायद्याच्या २७व्या कलमानुसार उपजीविकेवर असं बंधन चालत नाही. पण मुदतीच्या आतलं बंधन सहसा चालतं. म्हणून तर मुदती लांब लिहितात. आणि झहीर खान न्यायालयात लढू शकला. एसटीतल्या मेकॅनिकची मुलगी लढू शकत नाही.

याच कारणासाठी मला वाटतं की नमुना करार सरकारने काढावा. दक्षिण कोरियात असं झालंय. तिथल्या एका गाजलेल्या गटातल्या तिघांनी २००९मध्ये तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध दावा लावला, आणि त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा घालणारा नमुना करार जाहीर केला. आपल्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने मराठीत चार पानांचा नमुना काढायला काय हरकत आहे? त्यात तीन गोष्टींवर मी अडून बसेन. व्यवस्थापनाचा करार निकालानंतर व्हावा, आधी नव्हे, आणि सहीला निदान पंधरा दिवस मिळावेत. बंधन एका वर्षाचं. त्या वर्षात ठरलेली गाणी आणि ठरलेले कार्यक्रम दिले नाहीत तर गायक मोकळा. आणि एनओसीच्या अर्जाला सात दिवसांत लेखी नकार आला नाही, तर होकार समजावा. हा तिसरा मुद्दा अगदी छोटा दिसतो. पण मला एकच निवडायला सांगितलं तर मी तो निवडेन, कारण माणसं मारली जातात ती नकाराने नव्हे, उत्तर न देण्याने.

ज्या राज्यात १ एप्रिल १९५७ला कसेल त्याला जमिनीचा मालक केलं गेलं, तिथे गाईल त्याचा आवाज एवढं म्हणणं जड जाऊ नये.

लहान मुलांचं तर आणखी निराळं आहे. त्यांच्या कामासाठी २०१७पासून नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. पण अल्पवयीनाला स्वतः करार करता येत नाही, म्हणून सही आईवडिलांची, आणि बांधला जातो मुलाचा गळा. अकरा वर्षांच्या मुलाचा आवाज दोन-तीन वर्षांत फुटतो. तेव्हा त्याला गप्प बसवून जपावं लागतं, पट्टी बदलावी लागते, कधी वर्षभर गाणंच थांबवावं लागतं. ज्या आवाजाबद्दल त्याच्या गुरूलाही काही सांगता येत नाही, त्याच्या पुढच्या पाच वर्षांवर पालकांची सही कशी काय घेतात? मुलांच्या बाबतीत स्पर्धेपलीकडे एक दिवसाचाही करार नसावा, असं माझं मत आहे, आणि यात मला तडजोड दिसत नाही.

माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी करार संपायची तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती. नवी दिनदर्शिका आली की दरवर्षी तोच गोल पुन्हा काढायचे. मुदत वाढवायचा पर्याय कंपनीने वापरला नाही. तसं कळवलंही नाही, तारीख नुसती उलटून गेली. त्या संध्याकाळी ती स्टुडिओत आली आणि आम्ही दोन तास काही रेकॉर्ड न करता नुसतं गायलो. आवाज पूर्वीपेक्षा भरीव झाला होता, वरचा पंचम तिला आता सहज मिळतो. ती एका शाळेत संगीत शिकवते.

त्याच आठवड्यात त्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. मी उत्साहाने तिचं नाव सांगितलं. ते जरा आठवून म्हणाले, "ती होय, चांगली गायची. पण पोरांना यंदाच्या सीझनमधली ती कोल्हापूरची मुलगी हवीय. तिचा नंबर मिळेल का?" मी नंबर शोधून दिला. पाच मिनिटांत त्यांचा पुन्हा फोन: "अहो, ती म्हणते एनओसी लागेल. तेवढं तुम्ही बघता का?"